गच्चीवरचा चंद्र

2018 साली आमच्या शाळेत एक तक्ता भरून द्यायचा होता. प्रत्येक शिक्षकाने आठवड्यातून किती तासिका प्रोजेक्टरवर घेतल्या, तो आकडा नावापुढे लिहायचा आणि महिनाअखेरीस तक्ता वर पाठवायचा, असा रिवाज तेव्हा नुकताच सुरू झाला होता. शाळेतल्या तंत्रज्ञानाची जबाबदारी माझ्याकडे असल्यामुळे तो कागद घेऊन वर्गावर्गांत फिरणेही माझ्याकडेच आले. माझ्या नावापुढे अकरा होते आणि साऱ्या शाळेत तो सर्वांत मोठा आकडा होता. आमचे एक ज्येष्ठ सहकारी होते, ज्यांना मुलांपासून शिपायांपर्यंत सगळेच काका म्हणत. त्यांनी खिशातले पेन काढले, आपल्या रकान्यात सुवाच्य शून्य लिहिले आणि कागद परत दिला. "काका, निदान दोन तरी लिहा, कागद वर जायचा आहे," असे मी म्हटले. "घेतल्याच नाहीत ताई, तर लिहू कशा?" एवढेच ते म्हणाले आणि पुन्हा वह्या तपासू लागले.

त्या दिवशी मी मनातल्या मनात त्यांना 'नव्याला नाही म्हणणारे' ठरवून मोकळी झाले. वय, सवय, थोडी भीती, अशी कारणेही मीच शोधून दिली. माझा तो निवाडा चुकीचा होता, आणि तो कसा चुकला हे मला नीट मांडावेसे वाटते, कारण शिक्षक आणि तंत्रज्ञान यांविषयी जिथे जिथे बोलले जाते तिथे मला तोच निवाडा पुन्हा पुन्हा भेटतो. शिक्षक यंत्र किती तास वापरतो हे सगळे विचारतात. मूल शिकते म्हणजे नेमके काय होते, याविषयी त्या शिक्षकाची समजूत काय आहे, हे मात्र सत्तावीस वर्षांच्या नोकरीत मला एकदाही कोणी विचारलेले नाही.

आमची शाळा वडोदऱ्याच्या जुन्या शहरात आहे, मांडवीपासून पायी जाण्याच्या अंतरावर. माझे घर दांडिया बाजारात. घरात मराठी, वर्गात गुजराती आणि मधल्या सुट्टीत दोन्हींची सरमिसळ, हे आमच्याकडे चार पिढ्यांपासून चालत आले आहे. मुले मला 'बेन' म्हणतात. त्यांच्यातली काही घरी गुजराती बोलतात, काही मराठी, काही हिंदी. मी त्यांना विज्ञान आणि गणित शिकवते.

मी नोकरीला लागले त्या सुमारास शाळेत चार संगणक आले होते. त्यांची खोली वेगळी होती, तिला कुलूप असे, आणि आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. प्रत्येक संगणकावर शिवणाच्या बाईंनी शिवलेले फुलाफुलांचे आच्छादन होते. खंडेनवमीला आम्ही त्यांना हळदकुंकू वाहत होतो, झेंडूची माळ घालत होतो आणि खोली पुन्हा बंद करत होतो. त्या खोलीविषयी मला आजही आपुलकी वाटते. पण आम्हा शिक्षकांची समजूत अशी होती की संगणक हा शिकवायचा एक विषय आहे. त्याच्या साहाय्याने दुसरे काही शिकता येईल, हे कोणाच्या मनात आलेच नव्हते. म्हणून मुले त्याचे भाग पाठ करत, मॉनिटर, कीबोर्ड, सीपीयू, आणि परीक्षेत आकृती काढून नावे देत. आम्ही फुलाचे भाग जसे शिकवत होतो तसेच संगणकाचे शिकवले. यंत्र नवे होते, पण आमच्या वर्गात येईपर्यंत त्याने आमच्या जुन्या पद्धतीचा आकार घेतला होता.

पुढे प्रोजेक्टर आला तेव्हा मी मनापासून आनंदले. हृदयाचे चार कप्पे फळ्यावर काढण्यात जाणारी पंधरा मिनिटे वाचली, रक्त वाहताना दाखवता येऊ लागले. तीन दिवसांचे प्रशिक्षण झाले. शिकवणारा तरुण मनमिळाऊ होता. पेनाचा रंग कसा बदलायचा, चित्र मोठे कसे करायचे, व्हिडिओ मध्येच कसा थांबवायचा, हे सगळे त्याने मन लावून शिकवले. व्हिडिओ मध्येच का थांबवायचा आणि थांबवल्यावर मुलांना काय विचारायचे, यावर त्या तीन दिवसांत एक वाक्यही बोलले गेले नाही. मला तेव्हा ते जाणवलेही नाही. पुढे दोन वर्षे मी स्वतः इतर शिक्षकांचे असेच वर्ग घेतले.

माझ्या समजुतीला धक्का बसला तो त्याच 2018 च्या भाद्रपदात, आठवीच्या वर्गात. चंद्राच्या कलांचा पाठ होता. मी एक फार सुंदर चलचित्र शोधले होते. काळ्या आकाशात निळी पृथ्वी, तिच्याभोवती संथपणे फिरणारा चंद्र, एका बाजूने येणारा सूर्यप्रकाश आणि कोपऱ्यात त्या त्या दिवशी दिसणाऱ्या कलेचे छोटे चित्र. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती, आणि मी त्या शांततेचा अर्थ मुलांना समजले असा केला. दुसऱ्या दिवशी एकच प्रश्न कागदावर लिहायला दिला: अष्टमीला चंद्र अर्धाच का दिसतो? निम्म्याहून अधिक मुलांनी लिहिले, 'पृथ्वीनो पडछायो', म्हणजे पृथ्वीची सावली चंद्रावर पडते म्हणून. मी चलचित्र पुन्हा दाखवले, जागोजागी थांबवून दाखवले, आणि तोच प्रश्न पुन्हा दिला. सावली तिथेच होती. एका मुलीने तर सुबक आकृती काढून, बाण दाखवून सावली समजावली होती. तिचा कागद मी अजून जपून ठेवला आहे.

ही चूक आमच्या मुलांचीच आहे असे नाही. जगभर मुलांच्या, मोठ्यांच्या आणि शिक्षकांच्याही मनात कलांचे कारण म्हणून ही सावली घर करून बसलेली आढळते. तिचे मूळ सहज कळण्यासारखे आहे: ग्रहणात सावली पडते हे आपण लहानपणापासून ऐकतो आणि चंद्राचा झाकलेला भाग सावलीसारखाच दिसतो. पण इतके स्वच्छ चलचित्र दोनदा पाहूनही ती का हलली नाही, हे मला उमगत नव्हते. स्टाफरूममध्ये मी कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवून तसे बोलून दाखवले. काकांनी चहा संपवला, दोन-चार कागद वाचले आणि विचारले, "तुमचा तो दिवा मला एक तासिका द्याल का?"

दिवा म्हणजे प्रोजेक्टर. शनिवारी सकाळी त्यांनी आठवीच्या खोलीच्या खिडक्यांवर सतरंज्या टांगल्या, बाके भिंतीला सरकवली आणि प्रोजेक्टर टेबलावर ठेवून नुसता पांढरा प्रकाश सोडला. चित्र नाही, अक्षर नाही. मग पेन्सिलीच्या टोकाला खोचलेला थर्मोकोलचा गोळा ज्या मुलीने सुबक सावली काढली होती तिच्याच हातात दिला. "तुझं डोकं म्हणजे पृथ्वी. हा चंद्र. तो सूर्य. सूर्याकडे थेट पाहायचं नाही. हात लांब कर आणि डावीकडे हळूहळू वळत राहा. काय दिसतं तेवढंच सांग." ते हे गुजरातीत म्हणाले आणि बाजूला जाऊन उभे राहिले.

ती आधी प्रकाशाकडे तोंड करून उभी होती. गोळ्याची तिच्याकडची बाजू काळी होती. "अमास," कोणीतरी म्हणाले. ती वळू लागली तशी गोळ्याच्या उजव्या कडेला उजेडाची बारीक कोर उगवली. ती कोर रुंद होत गेली, आणि मुलगी पाव वळसा वळली तेव्हा गोळा उजवीकडून बरोबर अर्धा उजळला होता. "आठम," ती स्वतःच म्हणाली. "थांब तिथेच," काका म्हणाले. "आता तुझ्या डोक्याची सावली कुठे आहे ते शोध." तिने मान फिरवली. सावली तिच्या डाव्या हाताच्या भिंतीवर होती, दोन वेण्यांसकट, आणि गोळ्यापासून कितीतरी दूर. ती त्या भिंतीकडे बघत राहिली, मग गोळ्याकडे, मग परत भिंतीकडे. वर्गात कोणी बोलत नव्हते, पण ही शांतता माझ्या तासाच्या शांततेहून वेगळी होती. सगळ्यांच्या नजरा भिंत आणि गोळा यांच्यामध्ये येरझारा घालत होत्या.

पुढचा पाव वळसा तिने सांगितल्याविना घेतला. प्रकाशाकडे पूर्ण पाठ झाली तेव्हा गोळा एकदम काळा पडला, कारण आता खरोखरच तिच्या डोक्याची सावली त्यावर पडली होती. "ग्रहण!" असे मागून तीन-चार आवाज आले. काकांनी तिला हात थोडा उंच करायला सांगितला आणि गोळा सगळाच्या सगळा उजळला. पौर्णिमा. चंद्राचा मार्ग पृथ्वीच्या मार्गाशी साधारण पाच अंशांचा कोन करतो आणि म्हणून दर पौर्णिमेला ग्रहण होत नाही, हे वाक्य मी वर्षानुवर्षे लिहून देत आले होते. ते त्या हात उंच करण्यात होते. मग प्रत्येक मुलाने गोळा हातात घेतला. त्यात दोन तासिका गेल्या आणि काकांनी त्या जाऊ दिल्या.

त्या दुपारी मी पुष्कळ विचार केला. माझ्या चलचित्रात पाहणाऱ्याचा डोळा अंतराळात होता, पृथ्वी आणि चंद्र या दोघांच्याही वर. मूल चंद्र पाहते ते पृथ्वीवरून, खालून. 'वरून असे दिसते' आणि 'इथून असे दिसते' यांची सांधेजोड करणे हेच तर त्या पाठातले शिकणे आहे, आणि ते अवघड काम चलचित्राने कोपऱ्यातल्या छोट्या चित्रात आपले आपणच उरकून टाकले होते. मुलांसाठी करण्यासारखे काही उरलेच नव्हते. मी मात्र हे पाहू शकले नाही, कारण माझी श्रद्धा अशी होती की चांगले दाखवले म्हणजे चांगले कळते. फळ्यावर शिकवतानाही माझी श्रद्धा तीच होती. अकरा तासिकांच्या त्या आकड्यात नव्या पद्धतीची एकही तासिका नव्हती. तोच फळा मी विजेवर चालवत होते. काकांची श्रद्धा निराळी होती. मूल स्वतः काही करते, त्याचा अंदाज चुकतो आणि तो चुकलेला त्याला स्वतःला दिसतो तेव्हा ते शिकते, असे ते धरून चालत. त्या श्रद्धेला प्रोजेक्टरमधला दिवा तेवढा उपयोगी होता, म्हणून त्यांनी दिवा घेतला आणि बाकीचे बाजूला ठेवले.

त्यानंतर या विषयावर जे मिळेल ते मी वाचू लागले. अमेरिकेतल्या शिक्षणसंशोधक पेगी अर्टमर यांनी 1999 साली शिक्षकांपुढच्या अडथळ्यांचे दोन थर मांडले होते. पहिला थर बाहेरचा: यंत्र नाही, वेळ नाही, प्रशिक्षण नाही. दुसरा आतला: शिकवणे आणि शिकणे म्हणजे काय याविषयी शिक्षकाच्या मनात वर्षानुवर्षे मुरलेल्या समजुती. पहिला थर पैशाने दूर होतो; दुसऱ्याला पैसा पोहोचत नाही, आणि पहिला दूर झाल्यावरच तो दुसरा उघडा पडतो. आमच्या शाळेत नेमके तेच झाले होते. त्याआधी 1989 साली फ्रेड डेव्हिस या संशोधकाने मांडले होते की माणूस एखादे तंत्र स्वीकारतो ते मुख्यतः दोन गोष्टी पाहून: ते आपल्या कामाचे वाटते का आणि ते वापरायला सोपे वाटते का. हे वाचताना मला तो तीन दिवसांचा वर्ग आठवला. आम्ही सगळा भर सोपेपणावर दिला होता. कामाचे कशासाठी, हे ज्याच्या त्याच्यावर सोडले होते.

लॅरी क्यूबन या इतिहासकाराने 1920 पासूनच्या अमेरिकन वर्गांत चित्रपट, रेडिओ आणि दूरचित्रवाणी यांचे काय झाले ते तपासले आहे. प्रत्येक वेळी मोठ्या आशा, वरून आलेले यंत्र, शिक्षकांचा अगदी तुरळक वापर आणि शेवटी शिक्षकांवर दोष, असा तो क्रम आहे. शिक्षकाला जी अडचण स्वतःची वाटते ती सोडवणारे साधन तो उचलतो, इतरांच्या अडचणी सोडवणारे साधन कपाटात राहते, असा त्यांचा निष्कर्ष मला पटतो. आपल्याकडेही 1 ऑगस्ट 1975 पासून वर्षभर उपग्रहाद्वारे सहा राज्यांतल्या सुमारे 2400 खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचली होती आणि सकाळचे कार्यक्रम शाळकरी मुलांसाठी असत. तो प्रयोग इथून जवळच, अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्रातून, यशपाल यांच्या नेतृत्वाखाली चालला. त्या वेळी कार्यक्रम संपल्यावर शिक्षक मुलांशी काय बोलत असतील, हे मला जाणून घ्यायला फार आवडेल. सगळे काही त्या पुढच्या दहा मिनिटांत ठरत असणार.

पण त्याहून मागे जायचे तर आमच्या शहराबाहेर पाऊल टाकावे लागत नाही. सयाजीराव महाराजांनी 1893 साली अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 साली तो साऱ्या बडोदे संस्थानात लागू केला. शाळेत शिकलेले मूल पुस्तकाविना पुन्हा निरक्षर होते, हे ध्यानात घेऊन त्यांनी 1910 साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावले. मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय आज लोक त्याच्या लोखंडी मांडण्या आणि काचेच्या जमिनी पाहायला जातात. मला मात्र त्या योजनेतल्या फिरत्या पेट्यांचे अधिक अप्रूप आहे. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव जात, आणि त्यांच्या जोडीला दृश्य शिक्षणाची एक शाखा होती, जी जादूचा कंदील, त्रिमिती चित्रे दाखवणारा स्टिरिओस्कोप आणि चलचित्राचे यंत्र घेऊन खेड्यांत फिरत असे. शंभर वर्षांपूर्वीचा हा आमचा प्रोजेक्टर. ही चळवळ पसरवण्यात मोतीभाई अमीन या शिक्षकाचा मोठा वाटा होता, आणि खुद्द संस्थानाची योजना येण्याआधीच त्यांनी गावागावांत मित्रमंडळ पुस्तकालये उभी करायला सुरुवात केली होती. मूल आणि गाव वाचायला लागेल, ही श्रद्धा त्यांच्याकडे पेटीच्या आधीपासून होती.

ताराबाई मोडकांचा दाखलाही मला याच कारणासाठी जवळचा वाटतो. 1923 साली त्या भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम करू लागल्या. तिथल्या माँटेसरी पद्धतीची, म्हणजे मुलाने वस्तू हाताळत स्वतः शिकायच्या पद्धतीची, साधने ठरावीक मापांची आणि महाग होती. पुढे बोर्डी-कोसबाडच्या परिसरात गरीब आणि आदिवासी मुलांमध्ये काम करताना ताराबाईंनी शंख-शिंपले, खडे, बिया आणि पाने हीच साधने केली. साधनामागचा विचार त्यांना इतका नीट उमगला होता की साधन बदलताना त्यांचा हात अडखळला नाही. ज्याला विचार उमगलेला नसतो तो साधनाला घट्ट धरून बसतो, जसे आम्ही त्या आच्छादनाखालच्या संगणकांना धरून बसलो होतो.

इथे शिक्षकांच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. शिक्षकांना तंत्रज्ञान नकोसे वाटते असे म्हणताना, त्यांच्या आयुष्यात ते आधी कोणत्या रूपाने आले हे विसरले जाते. ते हजेरीच्या रूपाने आले, मध्यान्ह भोजनाच्या आकड्यांच्या रूपाने आले, गुण चढवण्याच्या आणि पुरावा म्हणून फोटो पाठवण्याच्या रूपाने आले. एका वर्षी आम्ही लावलेल्या रोपांचा फोटो तीनदा परत आला, कारण त्यात फलक पुरता दिसत नव्हता. फोटो मान्य होईपर्यंत दुपार झाली, आणि उन्हात ठेवलेली सहा रोपे दुसऱ्या दिवशी माना टाकून पडलेली मुलांनी पाहिली. मला त्या गोष्टीचे आजही वाईट वाटते. ज्या फोनने हे केले तोच फोन हाती घेऊन 'आता याने शिकवा' असे म्हटले की शिक्षकाचे मन मागे सरते, आणि त्या मागे सरण्याला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. माझा तो आकड्यांचा तक्ताही त्याच जातीचा होता.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या. त्या दिवसांविषयी पुष्कळ लिहून झाले आहे, म्हणून मी एवढेच लिहिते की आमच्या बऱ्याच घरांत एकच फोन होता आणि तो रिक्षा चालवणाऱ्या किंवा भाजी विकणाऱ्या बापाबरोबर दिवसभर बाहेर असे. मी सकाळी दहाला वर्ग घेत होते आणि पडद्यावर दहा-बारा नावे दिसली की हजेरी लावत होते. काका संध्याकाळी साध्या फोनवरून एकेका मुलाला फोन करत. पण एका मुलाचा भागाकार काही केल्या सुटेना. उत्तर चुकते एवढे कळे, हात कुठे चुकतो ते फोनवर कळेना. तेव्हा काकांनी आपल्या नातीकडून व्हिडिओ कॉल एका संध्याकाळी शिकून घेतला. तीन प्रशिक्षणांत ज्यांनी बटणाला हात लावला नव्हता त्यांनी. मग मुलाला सांगून त्याच्या घरी दोन डब्यांवर पट्टी आडवी ठेवली, तिच्यावर फोन पालथा ठेवून कॅमेरा कडेबाहेर काढला, म्हणजे खाली वही आणि पेन्सिल दिसावी. मुलाचा चेहरा त्यांना दिसत नव्हता, हात दिसत होता. तिसऱ्या गणितात त्यांना सापडले की वरून अंक उतरवताना भाग जात नसेल तर तो उत्तरात शून्य लिहायचे विसरतो. ही हकिगत त्यांनी मला इतक्या आनंदाने सांगितली की मी त्यांना तो जुना तक्ता आठवून दिला नाही.

आता तरुण सहकारी फोनवरच्या कृत्रिम बुद्धिमत्तेकडून प्रश्नपत्रिका क्षणात तयार करून घेतात. त्यांतल्या एकीने परवा मला वीस प्रश्न दाखवले, सगळे व्याख्या विचारणारे. मी तिला म्हटले, "मुलं कुठे चुकतात ते आधी त्याला सांग, मग प्रश्न माग." तिने तसे केले आणि प्रश्न खरोखर बदलले. पण मुले कुठे चुकतात हे तिला आधी वह्यांतून शोधावे लागले, आणि त्या कामाला चार दिवस गेले.

2022 ची नवरात्र आली तेव्हा काका निवृत्त झाले होते. दोन वर्षांनी वडोदऱ्याची गरब्याची मोठी मैदाने पुन्हा भरणार होती आणि मुले कुठल्याही पाठाकडे लक्ष देण्याच्या मनःस्थितीत नव्हती. मला सुचले की आश्विन शुद्ध प्रतिपदेपासून चंद्र वाढत जातो आणि शरद पौर्णिमेला पुरा होतो; मग हा पाठ वर्गात कशाला? मी आठवीला सांगितले की रोज संध्याकाळी बरोबर सात वाजता आपापल्या गच्चीवर एकाच जागी उभे राहायचे आणि चंद्राचा फोटो काढायचा. फोनच्या फोटोत चंद्र नुसता पांढरा ठिपका येतो, त्याची कला कळत नाही, हे पहिल्याच दिवशी ध्यानात आले. म्हणून आकार वहीत हाताने काढायचा आणि फोटोत पाण्याची टाकी किंवा कठडा आलाच पाहिजे, म्हणजे चंद्र कोणत्या दिशेला आणि किती उंच आहे ते कळेल, असे मुलांनीच ठरवले. ज्यांच्या घरी त्या वेळी फोन नसे ते शेजारच्या गच्चीवर जात किंवा फक्त चित्र काढत.

द्वितीयेचा चंद्र बहुतेकांना मिळालाच नाही. दोन दिवस ढग होते. "बेन, गरबा सुरू होतो तेव्हा चंद्र गेलेला असतो," अशी तक्रार चतुर्थीला आली, आणि अष्टमीला तोच मुलगा सांगत आला की आज गरबा भर रंगात आला तरी चंद्र होता. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा मावळतो, हे मी सांगितले नाही. पौर्णिमेपर्यंत मुलांनी आपल्या नोंदींतून पाऊण तास ते तास असा अंदाज स्वतःच काढला होता. कोजागरीला घरोघरी मसाला दूध आणि दूधपोहे गच्चीवर गेले आणि त्यांच्याबरोबर वह्याही गेल्या. मग मी प्रोजेक्टर लावला. एकाच गच्चीवरचे फोटो एकामागून एक भिंतीवर आले: टाकीच्या पश्चिमेला खाली असलेला चंद्र रोज थोडा वर, थोडा डावीकडे सरकत दक्षिणेला आला आणि शेवटच्या फोटोत छायाचित्रकार मुलीला पाठ फिरवून पूर्वेकडे उभे राहावे लागले होते. त्या दिवशी मी अर्ध्या तासात एकही विधान केले नाही. विचारायचे तेवढे मुलांनीच एकमेकांना विचारले.

पौर्णिमेनंतर मी काही सांगितले नव्हते. सात वाजता चंद्र दिसेनासा झाला आणि मला वाटले की प्रयोग संपला. आठवड्याने, दिवाळीच्या सुट्टीला तीन दिवस राहिले असताना, सकाळी प्रार्थनेच्या रांगेतून एक मुलगा ओरडला, "बेन, चंद्र दिवसे पण देखाय छे!" निंबाच्या शेंड्याच्या वर, निळ्या आकाशात, अर्धा फिकट चंद्र होता. सगळी रांग मोडली. मी फोनवर त्याचा फोटो काढला, त्यात निंबाचा शेंडा येईल असा, आणि काकांना पाठवून दिला. थोड्या वेळाने त्यांचे उत्तर आले: "कुठल्या बाजूने उजळलाय, विचारलंत का मुलांना?"

मी विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी गोळा आणि पेन्सिल घेऊन आम्ही सगळे मैदानात उभे होतो, आणि या वेळी दिव्याच्या जागी पूर्वेला वर आलेला सूर्यच होता.